दिवसांची वर्षे करताना: भागाकार कधी करायचा आणि कॅलेंडर कधी उघडायचे

१७६० दिवस म्हणजे किती वर्षे? ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कारखान्याच्या पगारविभागात हा प्रश्न टाकला तर तीन उत्तरे येतील आणि तिन्ही बरोबर असतील. कॅल्क्युलेटरवाला ४.८२ सांगेल. रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख समोर असलेला कारकून ४ वर्षे ९ महिने २५ दिवस म्हणेल. ग्रॅच्युइटीची रक्कम काढणारा सरळ ५ धरेल. त्यामुळे गणित मांडण्याआधी हे वर्ष कोणाला आणि कशासाठी दाखवायचे आहे ते ठरवा. भागाकार शाळकरी आहे. गोंधळ होतो तो ‘वर्ष’ कोणते धरायचे यावर.

एक नियम मात्र सगळीकडे चालतो. सुरुवातीची आणि शेवटची तारीख माहीत असेल तर दिवसांना भागू नका, कॅलेंडरवर मोजा. भागाकार फक्त तारखा नसतील तेव्हा, किंवा काळ तुकड्यातुकड्यांचा असेल तेव्हा.

नुसता दिवसांचा आकडा हातात असेल तर

भाजक तीन आहेत: ३६५, ३६५.२५ आणि ३६५.२४२५. पहिल्यात लीप वर्ष विसरलेले असते. दुसऱ्यात दर चौथे वर्ष लीप धरलेले असते. तिसरा आपल्या चालू ग्रेगोरियन कॅलेंडरची खरी सरासरी आहे, कारण ४०० वर्षांत बरोबर १,४६,०९७ दिवस येतात. माणसाचे वय, नोकरी, कर्ज, भाडे या पल्ल्यात ३६५.२५ पुरतो. तिसऱ्याची गरज शतक ओलांडतानाच लागते.

३६५ ने भागले की उत्तर नेहमी थोडे फुगते. ७३०० दिवसांना ३६५ ने भागा, छान गोल २० येतात. पण कॅलेंडरवरची २० वर्षे ७३०५ दिवसांची असतात. म्हणजे ‘२० वर्षे पूर्ण’ अशी अट असलेल्या अर्जात हा माणूस ५ दिवसांनी कमी पडतो, आणि अर्ज परत येतो. ३६५.२५ ने भागले असते तर १९.९९ दिसले असते आणि निदान शंका तरी आली असती.

तोंडी किंवा कागदावर करायचे असेल तर १४६१ हा आकडा लक्षात ठेवा. चार वर्षांचे इतके दिवस, आणि १९०१ ते २०९९ या काळात कुठूनही मोजा, ते बदलत नाहीत. कृती अशी:

१. एकूण दिवसांतून १४६१ जितक्या वेळा जाईल तितक्या वेळा काढा. प्रत्येक वेळेची ४ वर्षे.
२. उरलेल्यातून ३६५ जितक्या वेळा जाईल (जास्तीत जास्त तीनदा) तितकी वर्षे मिळवा.
३. अजून उरले ते दिवस.

१०,००० दिवस घ्या. १४६१ × ६ = ८७६६, उरले १२३४. त्यातून ३६५ × ३ = १०९५ गेले, उरले १३९. उत्तर २७ वर्षे १३९ दिवस. त्या शेवटच्या तीन वर्षांत २९ फेब्रुवारी आला असेल तर १३८. तारखा नसताना हा एका दिवसाचा फरक मिटवता येत नाही, तो मिटल्याचा आवही आणू नये. आपला सुरुवातीचा १७६० असाच सोडवला तर १४६१ + २९९, म्हणजे ४ वर्षे २९९ दिवस.

दशांशातले महिने

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. ४.५ वर्षे म्हणजे ४ वर्षे ५ महिने नव्हे, ४ वर्षे ६ महिने. चांगल्या शिकलेल्या माणसांच्या बायोडाटातही ही चूक सापडते. पॉइंटनंतरचा भाग आधी १२ ने गुणायचा, मग त्यातला पॉइंटनंतरचा भाग ३०.४४ ने. ३०.४४ ही महिन्याची सरासरी लांबी आहे, ३६५.२५ भागिले १२.

१७६० ÷ ३६५.२५ = ४.८१८६. ०.८१८६ × १२ = ९.८२ महिने. ०.८२ × ३०.४४ = साधारण २५ दिवस. कारकुनाच्या उत्तराशी जुळले. पण दशांश मध्येच तोडला आणि ४.८ धरून पुढे गेलात तर ९.६ महिने येतात, म्हणजे ९ महिने १८ दिवस. आठवडा गेला. चार दशांश स्थळे शेवटपर्यंत ठेवा, गोल करायचे ते अगदी शेवटी.

तारखा असतील तर

रुजू १२ ऑगस्ट २०१९, कामाचा शेवटचा दिवस ५ जून २०२४. आधी वर्षे उड्या मारत मोजा: ११ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ४ वर्षे पूर्ण. मग महिने: १२ ऑगस्ट २०२३ पासून ११ मे २०२४ पर्यंत ९. मग सुटे दिवस: १२ ते ३१ मे हे २०, अधिक जूनचे ५, एकूण २५. मोठ्याकडून लहानाकडे जायचे, हा क्रम उलटा करू नका. आधी दिवस वजा, मग महिने, मग वर्षे असे शाळेतल्या उभ्या मांडणीने केले की ‘हातचा’ घेताना महिना ३० चा की ३१ चा हा प्रश्न येतो आणि दोन माणसांची दोन उत्तरे येतात.

वर्ष पूर्ण होते ते रुजू तारखेच्या आदल्या दिवशी. १ जूनला लागला तर वर्ष ३१ मे ला भरते, १ जूनला नाही. २९ फेब्रुवारी २०२४ ला लागलेल्याचे पहिले वर्ष २८ फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस भरते.

पहिला दिवस धरायचा की सोडायचा, हा पुढचा घोळ. तारखेतून तारीख वजा केली की मधली अंतरे मिळतात, दिवस नव्हे. ठाण्याहून वाशीला जाताना दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा अशी ठाणे-वाशी धरून नऊ स्टेशने लागतात, पण गाडी आठच टप्पे धावते. तसेच १ ते ५ जून हजेरी पाच दिवसांची, वजाबाकी चारची. नोकरी, रजा, भाडे, शिक्षा यांत दोन्ही टोके मोजतात, म्हणून वजाबाकीत १ मिळवायचा. ठेवीच्या व्याजात पैसे ठेवल्याचा दिवस मोजला की काढल्याचा सोडतात, तिथे १ मिळवायचा नाही. कायद्यातल्या मुदतीतही सहसा ज्या दिवसापासून मुदत सुरू होते तो दिवस वगळतात. जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ चे कलम ९ आणि मुदतीच्या कायद्याचे (१९६३) कलम १२ तेच सांगते. ‘निकालापासून ३० दिवस’ म्हणजे निकालाचा दिवस सोडून ३०.

आणि कायद्यात नुसते ‘वर्ष’ लिहिले असेल तर ते इंग्रजी कॅलेंडरचे, तारखेपासून तारखेपर्यंत. ३६५ दिवस नव्हे. म्हणून करारात ‘पाच वर्षे’ आणि ‘१८२५ दिवस’ हे एकच समजू नका. या शतकात कोणतीही सलग पाच वर्षे घ्या, दिवस १८२६ किंवा १८२७ भरतात, १८२५ कधीच नाहीत. तीन वर्षांचे १०९५ किंवा १०९६, दहांचे ३६५२ किंवा ३६५३, पंचवीसचे ९१३१ किंवा ९१३२. सिडको नवी मुंबईत जमीन ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने देत आली आहे. हे २१,९१५ दिवस, कारण ६० ला ४ ने नि:शेष भाग जातो आणि लीप दिवस बरोबर १५ येतात. हा आकडा फक्त २१०० सालचा फेब्रुवारी पट्ट्यात आला तर एकाने घटेल.

एक्सेलमध्ये

तीन रकान्यांत काम होते. ए२ मध्ये सुरुवात, बी२ मध्ये शेवट, सी२ मध्ये सूत्र. वर्षांसाठी =डेटेडिफ(ए२,बी२+१,"वाय"), वर्षे सोडून उरलेल्या महिन्यांसाठी तिसऱ्या जागी "वायएम", सुट्या दिवसांसाठी "एमडी" (टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत: DATEDIF, Y, YM, MD). बी२ मधला +१ शेवटचा दिवस धरण्यासाठी. हे सूत्र टाइप करायला लागल्यावर सुचवण्यांच्या यादीत येत नाही, म्हणून ते नाहीच असे समजू नका, पूर्ण टाइप केले की चालते. "एमडी" मात्र महिनाअखेरच्या तारखांना कधीकधी चुकीचे, अगदी उणे उत्तरही देते. सुरुवात २९, ३० किंवा ३१ तारखेची असेल तर सुटे दिवस हाताने तपासा.

काय बिघडते ते आधीच सांगतो. संगणकाची तारीख अमेरिकी पद्धतीवर असेल तर १२/०८/२०१९ चा ८ डिसेंबर होतो आणि ०५/०६/२०२४ चा ६ मे, तेही कुठलीही तक्रार न करता. २५/०६ सारखी तारीख त्याला महिना म्हणून पटत नाही, ती मजकूर होऊन रकान्यात डावीकडे चिकटते. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या की उजवीकडच्या सगळ्या संशयित.

दुसरी गंमत जास्त घातक. वजाबाकीत १ मिळवून १७६० येतो, पण खण तारखेच्या रूपात असतो म्हणून तिथे २५-१०-१९०४ दिसते. हे बघून कोणाला तरी सुचते: हेच तर ४ वर्षे १० महिने २५ दिवस! जवळजवळ बरोबर, म्हणूनच फसवे. एक्सेलचे मोजणे १ जानेवारी १९०० ला १ धरून सुरू होते, त्यामुळे महिना शून्याऐवजी एकपासून मोजला जातो आणि उत्तरात एक महिना आयता वाढतो. खणाचे रूप ‘सामान्य’ करा, १७६० परत दिसेल.

नोकरीतले वर्ष

इथे थांबून नीट बघावे लागते, कारण इथे एका दिवसाला पैसे चिकटलेले असतात. ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्यात, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही, सलग सेवेचे वर्ष कॅलेंडरवर मोजत नाहीत, कामाच्या दिवसांवर मोजतात: बारा महिन्यांत २४० दिवस भरले की वर्ष सलग. जिथे आठवड्याला सहा दिवसांपेक्षा कमी काम चालते तिथे २४० च्या जागी १९०. ऐरोली, महापेच्या पाच दिवसांच्या आठवड्याच्या आयटी कंपन्यांत हे १९० लागू पडतात, आणि तिथल्याच पुष्कळ लोकांना ते माहीत नसते. भरपगारी रजाही या दिवसांत धरतात.

यातूनच ‘चार वर्षे २४० दिवस’ हा शब्दप्रयोग आला. ग्रॅच्युइटीला पाच वर्षांच्या सेवेची अट असताना पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तर पाचवे वर्ष पूर्ण धरावे, असे मद्रास उच्च न्यायालयाने मान्य केले आहे. सगळ्या कंपन्या हे आपण होऊन देत नाहीत, काही पूर्ण पाच वर्षांवर अडून बसतात. म्हणून २२५व्या दिवशी राजीनामा लिहायला बसलेल्याने पंधरा दिवस थांबावे आणि हजेरीपटाची प्रत आधी हातात घ्यावी. आपल्या उदाहरणात पाचव्या वर्षाचे कॅलेंडरचे दिवस २९९ आहेत. त्यातले कामाचे आणि भरपगारी रजेचे किती, तेच बघायचे.

पात्रता ठरली की रक्कम वेगळ्या नियमाने. शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता × १५ ÷ २६ × वर्षे. सुटा भाग सहा महिन्यांहून जास्त असेल तर पूर्ण वर्ष, नाहीतर शून्य. ११ वर्षे ७ महिने म्हणजे १२. ११ वर्षे बरोबर ६ महिने म्हणजे ११, कारण ‘सहा महिन्यांहून जास्त’ म्हटले आहे. वेतन २६,००० असेल तर वर्षाला १५,००० आणि १२ वर्षांचे १,८०,०००. एक दिवस इकडेतिकडे झाला तर १५,००० चा फरक, म्हणून भागाकाराचे ११.५ इथे कोणी दाखवू नये.

कंत्राटी आणि रोजंदारीच्या कामगारांकडे बहुतेक वेळा तारखा नसतात, हजेरी असते. तुर्भ्याच्या गोदामात १२०० हजेऱ्या लावलेल्याने त्यांना ३६५ ने भागले तर ३.२९ वर्षे येतात, आणि तो स्वतःचे नुकसान करून घेतो. हजेरीत आठवड्याची सुटी नसते. महिन्याला २६ हजेऱ्या धरल्या तर वर्षाच्या ३१२. १२०० ÷ ३१२ = ३.८५, म्हणजे सुमारे ३ वर्षे १० महिने. अनुभवाच्या दाखल्यावर ‘१२०० दिवस’ एवढेच न लिहिता ‘हजेरीचे १२०० दिवस’ असे लिहून घ्यावे. आणि मध्ये खंड असतील तर प्रत्येक तुकड्याची सुरुवात व शेवट वेगळी नोंदवावी, कारण तुकड्यांचे महिने-दिवस थेट बेरजेत घेता येत नाहीत. आधी सगळ्यांचे दिवस करा, बेरीज करा, मग एकदाच वर्षे करा.

वयाच्या बाबतीतही हिशेब तोच आहे. १८ वर्षे पूर्ण होतात ती वाढदिवसाच्या दिवसाच्या सुरुवातीलाच, जन्माचा दिवस पूर्ण धरून. सरकारी सेवेत महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, तो याच हिशेबाने.

बँक आणि भाडे

४४४ दिवसांची मुदतठेव म्हणजे ४४४ ÷ ३६५ = १.२१६ वर्षे, १ वर्ष आणि ७९ दिवस. बँकेचा दर नेहमी वर्षाचा असतो. ७ टक्के दराने सरळ व्याजात ४४४ दिवसांत ८.५१ टक्के मिळतात. माहितीपत्रकावर हा एकूण आकडा मोठ्या अक्षरांत असेल आणि शेजारच्या बँकेचा एका वर्षाचा ७.२५ असेल, तर ८.५१ शी ७.२५ ची तुलना करू नका, ७ शी करा. सरळ व्याजाचे सूत्र: मुद्दल × दर × दिवस ÷ ३६,५००. एक लाख, ७ टक्के, ४०० दिवस: ७,६७१ रुपये. काही ठिकाणी लीप वर्षात ३६,६०० ने भागतात, तेव्हा ७,६५०. फरक २१ रुपयांचा. लाखाला कोणी भांडणार नाही, पण सोसायटीच्या सिंकिंग फंडाची ठेव पन्नास लाखांची असेल तर तो हजाराच्या वर जातो. आर्थिक वर्षाचे लीप एक वर्ष आधी दिसते हेही ध्यानात असू द्या: २९ फेब्रुवारी २०२४ हा २०२३-२४ मध्ये पडला, ते आर्थिक वर्ष ३६६ दिवसांचे.

शेअर किंवा घर विकताना दिवस मोजूच नका. नफा दीर्घकालीन आहे की नाही ते, आणि म्हणून कर, महिन्यांवर ठरतो: शेअर बाजारात नोंदलेले शेअर १२ महिन्यांहून जास्त, घर-जमीन २४ महिन्यांहून जास्त. ‘हून जास्त’ आहे, म्हणून वर्ष भरल्यावर दोन दिवस जाऊ द्या.

घर भाड्याने देताना ११ महिन्यांचा करार ३३० दिवसांचा लिहू नये. १ जून २०२५ ते ३० एप्रिल २०२६ हे ३३४ दिवस होतात. करारात दोन्ही तारखा लिहा, दिवस लिहूच नका.

शतक ओलांडताना

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली. १६ एप्रिल २००३ ला तिला १५० वर्षे झाली, यात वाद नाही. मधले दिवस ५४,७८६. आता ३६५.२५ ने भागा: १४९.९९६. ३६५.२४२५ ने भागा: १४९.९९९. दोन्ही वेळा सूत्रात पॉइंटनंतरचे छाटून टाकले तर उत्तर १४९. दीडशेव्या वाढदिवसाला गाडी १४९ वर्षांची! पहिला भागाकार चुकतो कारण १९०० हे लीप वर्ष नव्हते: शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जायला हवा, २००० ला जातो, १९०० आणि २१०० ला नाही. दुसरा चुकतो कारण सरासरी ही सरासरीच. दिवसांवरून ‘पूर्ण झालेली वर्षे’ काढताना शेवटचे उत्तर .९९ किंवा .००१ च्या आसपास आले की सूत्रावर विसंबू नका, तारखा लावून बघा. आणि १९०० च्या आधीची तारीख एक्सेल तारीख म्हणून घेतच नाही. रेल्वेचे हे गणित हातानेच करावे लागते: १५० × ३६५ = ५४,७५०, त्यात १८५६ ते २००० मधले ३६ लीप दिवस.

पंचांगाने मोजायचे असेल तर

चांद्रवर्ष ३५४.३७ दिवसांचे, म्हणजे दरवर्षी सुमारे ११ दिवसांनी मागे सरकते. अधिक मास घालून ते परत ओळीत आणतात. हिजरी सनात अधिक मास नाही, म्हणून तिथली ३३ वर्षे आपल्या सुमारे ३२ वर्षांत संपतात. तिथी आणि तारीख दोन्हींनी वाढदिवस एकाच दिवशी साधारण १९ वर्षांनी येतो, कारण १९ सौर वर्षे आणि २३५ चांद्रमास दोन्ही सुमारे ६९४० दिवसांचे. एखाद दिवसाचा फरक पडतो, त्यात चूक कोणाचीच नसते.

सहस्रचंद्रदर्शनाची तारीख काढायला हेच लागते. दोन पौर्णिमांमधले अंतर २९.५३०६ दिवस. हजार पौर्णिमांमध्ये अंतरे ९९९, म्हणजे २९,५०१ दिवस, शिवाय जन्मानंतर पहिली पौर्णिमा येईपर्यंतचे दिवस, जास्तीत जास्त ३०. म्हणजे हजारावी पौर्णिमा ८० वर्षे ९ महिने आणि ८० वर्षे १० महिने यांच्या आसपास पडते. काही घरांत हा सोहळा ८० वर्षे ८ महिन्यांना करतात, काही ठिकाणी ८१ पूर्ण झाल्यावर. प्रथा ज्याची त्याची. खगोलाचा दिवस हवा असेल तर ८०व्या वाढदिवसापर्यंत २९,२२० दिवस धरा, त्यापुढे २८१ ते ३११ दिवसांच्या आत येणारी पौर्णिमा पंचांगात शोधा आणि मगच नौपाड्यातला किंवा वाशीतला हॉल बुक करा.